फेरी येईपर्यंत

बारा माणसांनी मिळून सहलीला जायचं म्हणजे अकरा जणांनी बाराव्याची वाट बघायची. बारावा दर वेळी वेगळा असतो, एवढाच काय तो बदल. ऐन निघताना आईचा चष्मा हरवतो. तो सापडेपर्यंत पुतण्या अंघोळीला शिरलेला असतो. तो बाहेर येईपर्यंत धाकट्या बहिणीची पाच वर्षांची लेक चपला काढून परत गादीवर उड्या मारत असते. एकदाचे सगळे दारात जमले की बाबा म्हणतात, "मी जरा जाऊन येतो." ऐंशीव्या वर्षी ‘जरा जाऊन येणं’ हे जरा नसतं.

वाट बघण्याचा हा घरगुती धंदा गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गोव्याला नेला, आणि तोही बेटावर.

बेट दादानं शोधलं. ‘गोवा’, ‘गोवा नवीन’, ‘गोवा फायनल’ आणि ‘गोवा फायनल २’ अशा चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दीड महिना चर्चा झाल्यावर त्यानं एका रात्रीत कुणालाच न विचारता घर बुक करून टाकलं. जुनं पोर्तुगीज घर, पाच खोल्या, माडांची सावली, बेट. ‘बेट’ या शब्दावर पोरं खूश झाली. पुतण्यानं तर दोन माडांमध्ये बांधायचा झोपाळा ऑनलाइन मागवला. दिवाडी हे बेट समुद्रात नसून मांडवी नदीत आहे, हे त्याला गाडीत बसल्यावर कळलं.

"मग समुद्र कुठाय?"

"पलीकडे."

"कशाच्या पलीकडे?"

"पणजीच्या," दादा म्हणाला आणि वरच्या बर्थवर जाऊन झोपला.

कोकणकन्या करमळीला पोचायच्या आधी आमच्या बेटावरूनच जाते. रुळांखाली भातशेती, बगळे, एक पांढरं चर्च, आणि लगेच नदीवरचा पूल. म्हणजे ज्या गावाला जायचं ते खिडकीतून मागे टाकायचं, नदी ओलांडून करमळीला उतरायचं, आणि तीच नदी फेरीतून उलटी ओलांडून परत यायचं. बेटावर आगगाडी थांबत नाही आणि मोटारीसाठी पूल नाही. बाबांना ही व्यवस्था इतकी आवडली की त्यांनी ती करमळी स्टेशनावर हमालासकट तिघांना समजावून सांगितली.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेलं की फेरीचा धक्का. कमानीवर वास्को द गामा नदीकडे तोंड करून उभा आहे. त्याच्याकडे बघून मला वाटलं, हाही फेरीचीच वाट बघतोय, आणि याचेही बाकीचे लोक अजून तयार व्हायचेत.

गोव्यातली फेरी म्हणजे एक मोठं तरंगतं ताट. पुढची लोखंडी फळी धक्क्यावर खाडकन पडते, आधी स्कूटरी सुटतात, मग मोटारी, मग माणसं. तितकेच पलीकडे जाणारे आत चढतात. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. पाचेक मिनिटांत पैलतीर. बारा जणांची, चौदा बॅगांची आणि एका गुंडाळलेल्या झोपाळ्याची आमची वरात चढली तेव्हा आईनं पर्समधून लिंबू काढलं आणि नाकाशी धरलं.

याला इतिहास आहे. १९७१ साली लग्न झाल्यावर ही दोघं बोटीनं गोव्याला आली होती. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली आगबोट दुसऱ्या दिवशी पणजीला लागायची. बाबांची त्या प्रवासाची गोष्ट आमच्या घरात दर सणाला होते: डेकवर सतरंजी टाकून जागा कशी धरली, बंदराबंदरात पडाव कसे येऊन भिडायचे, रत्नागिरीनंतर चांदणं कसं पडलं. आईची गोष्ट एका वाक्याची आहे. "मी जयगडपासून लिंबू हुंगत आडवी होते." दोघं एकाच बोटीत होती हे आम्हाला माहीत असूनही खरं वाटत नाही.

पाच मिनिटांच्या फेरीत नदीचं पाणी ताटात ठेवल्यासारखं निवांत होतं. आई लिंबू हुंगत राहिली. बाबा म्हणाले, "अगं, ही नदी आहे." ती म्हणाली, "तेव्हाही तुम्ही असंच काहीतरी म्हणाला होतात."

घर मात्र फोटोतल्यासारखंच निघालं, हे दादाच्या बाजूनं सांगायला हवं. खिडक्यांना काचांऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या. त्यातून ऊन येतं ते गाळून घेतलेल्या ताकासारखं. दारापुढे बाल्कांव, म्हणजे पायऱ्या चढून गेल्यावरची छपराखालची ओसरी, दोन्ही बाजूंना बसायचे दगडी कट्टे. त्या कट्ट्याला तिथे ‘सोपो’ म्हणतात. आमच्या आजोळी ओसरीला ‘सोपा’ म्हणत. आईनं हा शब्द ऐकला आणि घर तिच्या नावावर असल्यासारखी ती तिथे बसली. चार दिवसांत तिला आत बोलवायचं म्हणजे जेवणाचंच निमित्त लागायचं.

बाल्कांव ही वस्तू वाट बघायलाच बांधली असावी. येणारा-जाणारा दिसतो, त्याला आपण दिसतो, आणि दोघांनाही आत-बाहेर करावं लागत नाही. सकाळी साडेसहाला सायकलच्या रबरी भोंग्याची ‘पों पों’ ऐकू आली की आई उठून कट्ट्याच्या टोकाशी जायची. पोदेर, म्हणजे पाववाला. मागच्या टोपलीत उंडे, बांगडीसारखं कांकण आणि कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ पोई. पूर्वी हे पीठ माडाच्या सुरेनं फुगवायचे, असं घर सांभाळणाऱ्या काकांनी सांगितलं, तेव्हापासून आईनं पोई खाणं बंद करावं की नाही यावर एक दिवस विचार केला आणि मग दोन जास्त घेतल्या. शेवटपर्यंत ती पोईला पोळीच म्हणत होती. पोदेराचीही काही तक्रार नव्हती.

मधला एक दिवस समुद्राला दिला. कळंगुटला गेलो, आलो. पोरं भिजली, भावोजींचं नाक सोललं, शहाळ्याचे भाव ऐकून बाबांनी खर्चाच्या वहीत उद्गारचिन्ह काढलं. वाळू अजून माझ्या पर्समध्ये आहे. त्याहून जास्त काही सांगण्यासारखं झालं नाही.

सांगण्यासारखं झालं ते नार्व्याला.

दिवाडीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक धक्का आहे. तिथून फेरीनं पलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला जाता येतं. तिथे सप्तकोटीश्वर. हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव आहे. त्याचं मूळ देऊळ दिवाडीवरच होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडलं. मग भक्तांनी लिंग नदीपार नेलं, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याला देऊळ बांधवलं. आईला या देवाचं दर्शन घ्यायचंच होतं. बाबांना तिथला शिलालेख वाचायचा होता. पोरांना काहीच नको होतं. त्यांना नाश्ता हवा होता.

सतरा सीटची गाडी ठरवली होती. धक्क्यावर फेरी लागलेलीच होती. ड्रायव्हरनं आई, बाबा आणि मी बसलेली गाडी सरळ आत घातली. बाकीचे नऊ जण काठावर फोटो काढत होते. मी खिडकीतून ओरडले. भाचीनं हात वर करून ‘एकच’ अशी खूण केली. फळी वर उचलली गेली, मध्ये हातभर पाणी दिसलं, मग घरभर, मग नदीभर.

"रावात," ड्रायव्हर त्या काठाकडे बघून म्हणाला. थांबा. दुसरं ते करणार तरी काय होते?

पलीकडे उतरून आम्ही एका झाडाखाली बसलो. फेरी परत जाऊन त्यांना घेऊन येईपर्यंत बराच वेळ होता. समोरच्या काठावर नऊ ठिपके. आईनं एकेक मोजला. "तो निळा कोण?" "तुमचा जावई." "आणि उडी मारतोय तो?" "उडी मारतेय ती. धाकटीची." मग आई हात हलवू लागली. पलीकडून कुणी हलवत होतं की केस बांधत होतं कोण जाणे, पण ती हलवत राहिली. घरात ही नऊ माणसं एका वेळी शांत बसलेली मी पाहिली नव्हती. तिकडे ती ओळीनं कट्ट्यावर बसली होती, आमच्याकडे तोंड करून. मध्ये नदी असली की माणसं किती शहाणी दिसतात!

बाबा म्हणाले, "देवसुद्धा असाच आला असेल. होडीतून, रात्रीचा." जरा वेळानं पुढे म्हणाले, "त्याच्यामागे राहिलेल्यांना मात्र पुढच्या फेरीची खात्री नव्हती."

देऊळ झाडीत, खोलगटात दडल्यासारखं आहे. समोर दीपमाळ, वर कौलं. दाराशी बाबांनी मान उंच करून शिलालेख अक्षर अक्षर लावला आणि अकरा जणांनी त्यांची वाट बघितली. ‘श्री शिवराज्ञा’पर्यंत आल्यावर त्यांचा आवाज जरा बदलला, आणि आजवर कुठल्याच देवळात हात न जोडलेल्या पुतण्यानं टोपी काढली. नंतर विचारलं तर म्हणाला, गरम होत होतं.

आणि शेवटच्या दिवशी मानस.

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. बेटाच्या कडेनं भातशेती आहे, तिला खाजन म्हणतात. भरतीच्या पाण्याहून ही जमीन सखल. तरी तिच्यात भात पिकतं, कारण नदी आणि शेत यांच्यात मातीचा बांध आहे आणि बांधात जागोजागी पाण्याची दारं. त्या दारांना मानस म्हणतात. ओहोटी लागली की आतलं पाणी लाकडी झडपा ढकलून बाहेर पडतं. भरती आली की बाहेरचं पाणी त्याच झडपा मागे रेटून दार लावून टाकतं, आणि खारं पाणी शेतात येत नाही. वीज नाही, मोटर नाही, कळ दाबायला माणूस नाही. ओहोटीच्या वेळी तोंडाशी जाळं लावलं की मासळी मिळते. त्या मासळीच्या हक्काचा लिलाव होतो. घर सांभाळणाऱ्या काकांनी हे रात्री जेवताना सांगितलं आणि बाबांचा घास हातात राहिला. त्यांनी चाळीस वर्षं लोखंडी दरवाजांच्या फायली सांभाळल्या होत्या. दरवाजे उघडायचे तर तीन सह्या लागत.

"हे दार लागताना बघायचंय," ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी दुपारी सामान बांधायचं, हिशेब करायचे, फ्रिजमधली सुरमई संपवायची. कुणाला वेळ नव्हता. काकांनी भरती लागायची वेळ सांगितली, आणि पुतण्या म्हणाला, "मी नेतो आबांना." त्यामागे मायेपेक्षा सामान बांधण्याची टाळाटाळ जास्त होती, पण मी काही बोलले नाही. मीही त्यांच्याबरोबर गेले, त्याच कारणानं.

बांधावर पाय ठेवायला जेमतेम जागा. कापणी झालेल्या शेतात खुंट, त्यांत बगळे. मानसाच्या तोंडाशी पाणी अजून नदीकडे वाहत होतं, आणि झडपा चिखलानं काळ्या, उघड्या. बाबा एका दगडावर बसले. पुतण्यानं फोन एका काठीला टेकवला. सगळी भरती वीस सेकंदांत दिसेल असा काहीसा व्हिडिओ त्याला करायचा होता. झोपाळ्याचा दोर त्यानं या कामी वापरला, एवढाच त्याचा उपयोग झाला.

वाहतं पाणी सावकाश झालं. मग थांबलं. एक सुकं पान झडपेशी आलं होतं, ते ना इकडे ना तिकडे, जागच्या जागी फिरत राहिलं. खूप वेळ. रेल्वेच्या पुलावरून एक आगगाडी गेली. बाबांनी घड्याळ बघितलं, "मांडवी एक्स्प्रेस. लेट आहे," म्हणाले, आणि परत पाण्याकडे वळले. घरून वहिनीचे दोन फोन आले. मी म्हटलं, येतोच. पान हळूच शेताच्या बाजूला सरकलं.

"फिरलं," बाबा म्हणाले.

झडप बोटभर हलली. थांबली. आणखी बोटभर. बाबा उठले, पुढे गेले, वाकले. मी त्यांचा शर्ट मागून धरला. पुतण्यानं त्यांचा दंड धरला. लाकूड लाकडाला टेकलं तेव्हा आवाज झालाच नाही, नुसता पाण्याचा खळखळाट बंद झाला, आणि आम्हाला कळलं की इतका वेळ तो चालू होता.

धक्क्यावर पोचलो तोवर एक फेरी चुकली होती. नऊ माणसं बॅगांवर बसलेली. आईच्या हातात लिंबू तयार. कुणीच काही बोललं नाही, फक्त आईनं बाबांच्या चिखलाच्या पायांकडे बघितलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

परत आल्यावर पुतण्यानं तो व्हिडिओ ‘गोवा फायनल २’वर टाकला. पहिली पंधरा सेकंदं नीट आहेत: पाणी, झडप, पान. मग उजव्या कोपऱ्यातून बाबांचं टक्कल चित्रात शिरतं आणि झडपेच्या बरोबर पुढे येऊन स्थिरावतं. त्यानंतर दुसरं काही दिसत नाही. बाबा तो व्हिडिओ रोज बघतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. फोन डोळ्यांजवळ धरून म्हणतात, "हं, आता बघा. आता लागतंय."