ताट, वाटी आणि ७५ ओम

आमच्या घरातलं स्टीलचं ताट २८ सेंटीमीटर व्यासाचं आहे आणि आमटीची वाटी ८ सेंटीमीटरची. वाटी ताटाच्या बरोबर मधोमध ठेवा. वाटी म्हणजे कोॲक्स केबलची, म्हणजे मधे तार आणि भोवती धातूची गोल जाळी असलेल्या केबलची, आतली तार आणि ताटाची कड म्हणजे बाहेरची जाळी असं धरा. मधे नुसती हवा असेल तर या केबलचा इम्पीडन्स, म्हणजे धावत्या सिग्नलला ती दाखवते तो रोध, ७५ ओम. केबल टीव्हीच्या वायरचा असतो तोच. हा आकडा मी सूत्रातून काढला नाही. काळ्या कागदावर ताट-वाटी गिरवून साध्या मल्टिमीटरने मोजला.

मी चौदा वर्षं पुण्यात पीसीबी लेआउट करते, म्हणजे सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा (ट्रेस) आखते. ‘५० ओमचा ट्रेस’ हे शब्द दिवसातून वीसदा तोंडात येतात. मागच्या महिन्यात ऑफिसात नवीन आलेला एक मुलगा केबल आणि मीटर घेऊन माझ्या टेबलापाशी आला. ‘‘मॅडम, ही पन्नास ओमची ना? मीटर तर ओपन दाखवतोय.’’ ओपन म्हणजे आत वाटच नाही.

मी नेहमीचं सांगितलं. अरे, एका टोकाला व्होल्टेज लावलंस की दुसऱ्या टोकाला काय जोडलंय हे केबलला लगेच कळत नाही. तिकडून निरोप येईपर्यंत ती ५० ओमच्या रेझिस्टरसारखी वागते. मीटरभर केबलमध्ये जाऊन-येऊन साधारण १० नॅनोसेकंद लागतात, तेवढ्यात तुझा मीटर जागाही होत नाही. हे त्याला पटलं. मग म्हणाला, ‘‘पण पन्नासच का? आकडा येतो कुठून?’’

‘‘एल भागिले सी, त्याचं वर्गमूळ.’’ एल म्हणजे केबलचा इंडक्टन्स, सी म्हणजे कपॅसिटन्स.

तो गेला, पण मला चुटपुट लागून राहिली. कारण मलाही कॉलेजात एवढंच उत्तर मिळालं होतं. १३८ गुणिले लॉग मोठा डी (बाहेरचा व्यास) भागिले छोटा डी (आतला). पाठ केलं, पाच मार्क मिळाले, विषय संपला.

फिजिक्सच्या लॅबमध्ये विद्युतक्षेत्राच्या रेषा काढायला कार्बनचा काळा कागद वापरतात. एका प्राध्यापक मैत्रिणीकडे त्याचे चार-पाच मोठे ताव पडून होते, ते उचलून आणले. या कागदाचा पूर्वज टेलेडेल्टॉस, वेस्टर्न युनियनने फॅक्स यंत्रांसाठी बनवलेला. कॉम्प्युटरवर क्षेत्रं काढता येण्याआधी इंजिनिअर मंडळी त्याच्यावर सर्रास हे उद्योग करत. त्याच्याही कितीतरी आधी, १८४५ मध्ये, किर्कहॉफने तांब्याच्या गोल पत्र्यात प्रवाह सोडून समविभव, म्हणजे सारख्या व्होल्टेजच्या, रेषा शोधल्या होत्या. तेव्हा तो विद्यार्थीच होता.

पहिल्यांदा चौरस कापले. ५, १० आणि २० सेंटीमीटरचे. समोरासमोरच्या दोन कडांना वीज नेणारा चांदीचा रंग लावला आणि मोजलं: ५,९६०, ५,९१०, ५,८८० ओम. चौरस केवढाही घ्या, रोध तोच. लांबी दुप्पट झाली की रोध दुप्पट होतो आणि रुंदी दुप्पट झाली की निम्मा, हे आठवीतलं गणित आहे. पण बोटभर तुकडा आणि हातभर तुकडा मीटरवर एकच आकडा दाखवतात तेव्हा गंमत वाटतेच. आडव्या दिशेने मोजल्यावर मात्र ६,१०० च्या पुढे गेलं. कागद यंत्रातून ज्या दिशेने निघतो त्या दिशेने तो थोडा जास्त वाहक असतो. मी चौरसामागे ६,००० धरून पुढे गेले.

मग ताट-वाटी. कडांना आधी तांब्याची चिकटपट्टी लावली आणि फसले. रीडिंग ४,०००, बोटाने दाबलं की २,९००, सोडलं की भलतंच. पट्टीचा गोंद वीज नेत नाही, एवढी साधी गोष्ट. पट्टी काढून टाकली आणि ब्रशने चांदीचा रंग लावला. बुधवार पेठेतून आणलेली ती इवलीशी बाटली पुढे जपून वापरावी लागली. तासाभराने १,२१५ ओम.

आता १,२१५ भागिले ६,००० म्हणजे ०.२०. याला ३७७ ने गुणलं की ७६. सूत्राने ७५.१ येतं.

३७७ कुठून आलं? तो मोकळ्या अवकाशाचा इम्पीडन्स, काटेकोर ३७६.७ ओम. कागदात वीज ज्या वाटांनी आतल्या वर्तुळाकडून बाहेरच्या वर्तुळाकडे जाते, खऱ्या केबलच्या छेदात विद्युतक्षेत्राच्या रेषा त्याच वाटांनी जातात. दोन्हीकडे गणित एकच, लाप्लासचं समीकरण. कागदाच्या चौरसाचे ६,००० ओम, हवेच्या चौरसाचे ३७७. म्हणजे आपण फक्त एकच प्रश्न विचारतोय, या आकारात किती चौरस बसतात? वाटीभोवतीच्या कड्यात साधारण पाच बाकदार चौरस शेजारी शेजारी बसतात. ते समांतर असल्यामुळे ३७७ चा पाचवा हिस्सा. लांबीचा प्रश्नच येत नाही, आणि ताट कितीही मोठं असो, प्रमाण साडेतीन असलं की झालं.

मधे हवेऐवजी भरीव पॉलिथिन असेल तर त्याच्या परमिटिव्हिटीच्या (हवेच्या मानाने कपॅसिटन्स किती पट वाढतो तो आकडा, इथे २.२५) वर्गमूळाने, म्हणजे दीडने भागायचं. ७५ भागिले दीड, ५०. आरजी-५८ ही ५० ओमची केबल कापून पाहा, प्लॅस्टिकचा व्यास तारेच्या तिप्पट-साडेतीनपट दिसेल. ताट-वाटीच ती, तीन मिलिमीटरची.

रात्री अकरा वाजता मी आणखी एक ताव घेतला आणि वाटी मुद्दाम ५ सेंटीमीटर सरकवून गिरवली. वाटीला सरकायला एकूण १० सेंटीमीटर जागा आहे, त्यातली निम्मी खाल्ली. इम्पीडन्स निम्मा होईल असं मनात धरलं होतं. आलं १,०७० ओम, म्हणजे ६७. बस. एका बाजूला चौरस दाटीवाटीने वाढतात, पण दुसऱ्या बाजूला विरळ होतात. केबल थोडी चेपली म्हणून दरवेळी हंबरडा फोडायची गरज नाही, हे मला त्या रात्री समजलं. (उत्साह असा की सकाळी डबा करायचा होता ते विसरले.)

खरा डाव मात्र पीसीबीवरच्या ट्रेसचा. तिथे खाली फायबरचा बोर्ड, वर हवा. बोर्डाची परमिटिव्हिटी चारच्या आसपास, म्हणून बोर्डाच्या जागी कागदाचे चार थर आणि हवेच्या जागी एक. ५० पट मोठं करून १.६ मिलिमीटरचा बोर्ड ८ सेंटीमीटर झाला आणि ३ मिलिमीटरचा ट्रेस १५ सेंटीमीटर. डावी-उजवी बाजू सारखीच, म्हणून मधोमध कापून अर्धाच भाग केला. रोध दुप्पट येतो एवढं लक्षात ठेवायचं.

थर एकमेकांना जोडायचे कसे? मी हवा आणि बोर्ड यांच्या सीमेवर चांदीची सलग रेघ ओढली. ३०० ओम आले, अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. दहा मिनिटं मीटरला शिव्या दिल्यावर उजेड पडला. चांदीची रेघ म्हणजे वाहक. ती ट्रेसला टेकली होती, म्हणजे मी ३ मिलिमीटरचा ट्रेस पार कागदाच्या कडेपर्यंत नेऊन १६ मिलिमीटरचा करून टाकला होता! सीमेवर प्रवाहाला खाली-वर जाता आलं पाहिजे, पण सीमेच्या बाजूने धावता येता कामा नये. दुसऱ्या तावावर रेघ न ओढता सेंटीमीटर-सेंटीमीटरवर स्टेपलरच्या पिना मारल्या, सीमेला काटकोनात, आणि प्रत्येक पिनेच्या दोन्ही पायांवर रंगाचा ठिपका दिला. आता ९७८ ओम.

मग सगळीकडे एकच थर ठेवून, म्हणजे नुसती हवा असल्यासारखं, पुन्हा मोजलं: ३,०३०. बोर्डामुळे सी बदलतो, एल बदलत नाही, म्हणून दोन्ही आकडे लागतात. या दोन आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ १,७२१. अर्धा भाग होता म्हणून निम्मं, ८६०. भागिले ६,०००, गुणिले ३७७, म्हणजे ५४ ओम. इम्पीडन्स काढायचा कॅल्क्युलेटर याच मापाला ५२-५३ देतो. कागद कुठेतरी संपतो आणि खरी हवा संपत नाही, म्हणून कागदावर रोध थोडा जास्तच येणार.

त्यावरून आमच्या गावच्या घरावरचा दूरदर्शनचा अँटेना आठवला. त्याची ती चपटी दोन तारांची पट्टी ३०० ओमची असायची. आमची पट्टी पावसाळ्यापूर्वी बाबांनी लोखंडी पाइपाला सुतळीने घट्ट बांधली आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच फिकट सावली बसू लागली. दोन तारा मी कागदावर काढल्या तेव्हा रोध कागदाच्या कडेवर किती अवलंबून आहे ते दिसलं. कड जवळ आणत गेले तसा आकडा वाढत गेला. कोॲक्सचं सगळं क्षेत्र ताटाच्या आत असतं. या पट्टीचं उघड्यावर पसरलेलं, आणि लोखंडी पाइप थेट त्यात घुसलेला. अनंत पसरलेला कागद हवा असेल तर दोन गोल कागद एकावर एक ठेवून फक्त परिघावर जोडायचे, अशी जुनी युक्ती आहे. खालचा गोल म्हणजे परिघापलीकडचं सगळं जग. तेवढा कागद माझ्याकडे उरला नव्हता.

त्या मुलाला शनिवारी सगळे तुकडे दाखवले. त्याने ताट-वाटीवर मीटर लावला, खिशातल्या फोनवर भागाकार केला आणि विचारलं, ‘‘मग डिफरन्शियल पेअर?’’ म्हणजे एकमेकांच्या उलट सिग्नल नेणारे दोन शेजारी ट्रेस.

दीड ताव शिल्लक आहे. दोन ट्रेसच्या मधोमध कापायचं. कापलेल्या कडेला चांदी लावली की तिथे शून्य व्होल्ट, म्हणजे एका ट्रेसचं व्होल्टेज वर आणि दुसऱ्याचं खाली जात असतानाचा इम्पीडन्स. कड कोरी ठेवली की दोन्ही ट्रेस एकत्र वर-खाली होत असतानाचा. आधी कोरी मोजायची, मग चांदी. उलट केलं तर रंग खरवडताना कागद फाटेल. हे त्याला मी दोनदा बजावलंय.