डीपीचा पंचम

सोमवार, अंधेरी

नव्या सिनेमाच्या ध्वनीचं काम. गोष्ट माणदेशातल्या एका गावाची. भजनी मंडळाची जुनी पेटी दुरुस्त होऊन येते आणि तिच्या सुरानं गाव पालटतं. कोरड्या विहिरीला पाणी लागतं, बांधावरून भांडलेले भाऊ बोलायला लागतात. कच्च्या ट्रॅकवर मात्र पटकथेत जिथं जिथं चमत्कार, तिथं तिथं घंट्यांची किणकिण आणि लांबलचक रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, टाकून ठेवलाय. तो सगळा आधी काढायचा. अशा सिनेमातला चमत्कार गावच्याच आवाजातून निघाला तर पटतो, आणि तोही चिमूटभरच हवा.

चिमूट म्हणजे किती, त्याचा हिशेब आज लागला. चार हर्ट्झ.

पेटी काळी एकची, म्हणजे सा पहिल्या काळ्या पट्टीवर. अगदी खालचा सा धरला तर 69.3 हर्ट्झ, त्याचा पंचम जवळजवळ 104. देवळाला लागून डीपी, म्हणजे गावाचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि तिच्या प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून डीपी गुणगुणते 100 हर्ट्झला. पंचमाला चार हर्ट्झ कमी. पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर, त्याचा सुमारे दोन तृतीयांश. भजन कितीही रंगलं तरी खाली काहीतरी खुपत राहतं, काय ते प्रेक्षकाला सांगता येत नाही. सिनेमाच्या मध्यावर हा हुंकार हळूच वर सरकतो आणि पंचमाला लागतो. बाकी काही करायचं नाही.

खऱ्या आयुष्यात हे होणं नाही. विजेच्या ग्रीडची वारंवारता 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवावी लागते. पंचम हवा तर ती 52ला न्यावी लागेल. शिवाय 31 डिसेंबर 2013ला दक्षिणेची ग्रीड जोडली गेल्यापासून सगळा देश एकाच ठेक्यावर चालतो. अंधेरीतल्या जुन्या ट्यूबलाइटचा चोक आणि माणदेशातली डीपी एकाच स्वरात गुणगुणतात. सिनेमातलं गाव तेवढं त्या स्वरातून सुटतं.

मंगळवार

आधी पेटी मोजायची. जुनी पेटी 440ला, म्हणजे ए हा स्वर 440 हर्ट्झ धरून, लावलेली असेलच असं नाही. 436ला निघाली तर पंचम 103च्या खाली येतो आणि वरचं सगळं गणित फिरतं. कारागीर पितळी सूर, म्हणजे पेटीतली कंप पावणारी पाती, टोकाशी खरवडतो तेव्हा तो चढतो, बुडाशी खरवडला की उतरतो. हे काम चित्रीकरणाआधी व्हावं. नंतर केलं तर लोकेशनवरची पेटी आणि स्टुडिओतली पेटी एकमेकींशी जुळत नाहीत.

डीपीचा आवाज वेगळा घ्यायचा. कुंपणाबाहेरून, दहाबारा फुटांवरून, मध्यरात्रीनंतर. गावाचा एकत्र ट्रॅक चढवून चालत नाही, कारण त्याबरोबर कुत्रीही चढतात आणि माणसं मांजरासारखी बोलायला लागतात. रातकिडे टाळता येत नाहीत, पण हुंकाराचा ऐवज 100 ते 600च्या आत असतो. हजाराच्या वरचं कापलं की ते गेले. मग वेग चार टक्क्यांनी वाढवायचा, म्हणजे 100 आणि त्याच्या पटीतले 200, 300 सगळे हिशेबात एकदम वर जातात. वेळ 40 सेकंद. पाच सेकंदांत चढवलं तर कुणीतरी जीप सुरू केली असं वाटतं.

घोळ इथंच होतो. संवादांच्या ट्रॅकमध्ये मूळचा 100 शिल्लक असतो. नवा 104 त्याच्यावर बसला की सेकंदाला चार हेलकावे, सगळा सीन डुगडुगतो. उपाय म्हणजे संवादांवर 100, 200, 300ला नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच वारंवारता कापणारा. तोही अगदी अरुंद: क्यू, म्हणजे अरुंदपणाचं माप, 30च्या आसपास. रुंद ठेवला तर पुरुषांच्या आवाजातलं बूडच जातं. बुवांचा आवाज टेलिफोनवरचा वाटायला लागतो.

बुधवार

पाऊस. हलगी सैल पडली. स्टुडिओत शेकोटी कुठून आणणार, हेअर ड्रायर फिरवून भागवलं. जवळून धरायचा नाही, कातडं तडकतं. एसीमुळे ताण बराच वेळ टिकला, हे एक बरं झालं.

गुरुवार

एडिटरनं हलगीचे ठोके चित्राशी नेमके जुळवून दिलेत. ते पुन्हा मागे सरकवायचे. माळावरून पाहणाऱ्या मुलापासून हलगी दीडशे मीटरवर आहे. 40 अंशांच्या उन्हात आवाज सेकंदाला साधारण 355 मीटर जातो, म्हणजे 24 फ्रेमच्या हिशेबात ठोका दहा फ्रेम उशिरा पोचला पाहिजे. एकदम दहा फ्रेम उशीर दिला तर थिएटरवाला प्रोजेक्टर तपासायला धावेल. म्हणून त्याआधी उतारावरचा लाकूडतोड्या: कुऱ्हाड आधी दिसते, घाव मागून ऐकू येतो. एवढ्यानं कान तयार होतो.

हुंकार पंचमाला लागल्यानंतर मात्र तोच मुलगा, तेच अंतर, आणि काठी पडते त्याच फ्रेमला ठोका. दहा फ्रेम गायब. हे रिपोर्टमध्ये लाल अक्षरांत लिहून ठेवलंय, नाहीतर पुढच्या टेबलावर कुणीतरी 'दुरुस्त' करेल.

शुक्रवार

मोबाइलवर लावून पाहिलं. 104 ऐकूच येत नाही, एवढ्याशा स्पीकरला तो झेपत नाही. तो वाढवण्यात अर्थ नाही, त्याच्या पटीतले 208, 312, 416 थोडे उचलायचे. कान त्यांच्यावरून खालचा 104 स्वतःच धरतो.

राहिला लाइट जाण्याचा सीन. लाइट जाते तेव्हा हुंकार तत्क्षणी तुटतो. पंखा मात्र फिरत फिरत थांबतो. इथं उलटं करायचं: पंखा रीतसर थांबवायचा, दिवे घालवायचे, हुंकार चालू ठेवायचा. संगीतकारांना तिथं व्हायोलिन हवीयत. ती आली की अंधारातला पंचम व्हायोलिनचा होणार, डीपीचा राहणार नाही. त्यांना दोन्ही मिक्स पाठवलेत, व्हायोलिनचा दुसरा.