पिकअपचे पुढचे बुश दुसऱ्यांदा बदलले, तेव्हाचा माझा अनुभव

नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवले, गाडी झाडाखाली लावली आणि पाणी प्यायला उतरलो. तेव्हा डावीकडच्या पुढच्या टायरकडे लक्ष गेलं. बाहेरून नक्षी चांगली दिसत होती. स्टिअरिंग पूर्ण वळवून आत हात घातला, तर आतली कड पार गुळगुळीत. आठ महिन्यांपूर्वीचा टायर. त्याच वेळी पुढचे सगळे बुशही (चाक धरणाऱ्या आर्मच्या सांध्यातली रबरं) बदलून घेतले होते, म्हणून जास्त लागलं.

गाडी २००९ ची. वडिलांनी द्राक्षाचे पैसे आले त्या वर्षी घेतलेली. पुढे चाकाला धरणारा वरचा-खालचा आर्म आणि टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी कांब), मागे पाटे. जुलैपासून दिवाळीपर्यंत टोमॅटो, नंतर भाजीपाला, फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं. वर्षभर ती उभी राहत नाही. एका खेपेला ६० क्रेट, म्हणजे १२०० किलो माल. पावसाळ्यात दुगावकडून येताना खड्डा आला की खालून ‘खडक’ असा एकच आवाज यायचा आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची.

आधी ज्यांनी काम केलं होतं, त्या गॅरेजमध्ये दाखवली. “रस्तेच असे आहेत दादा, बुश एवढेच टिकतात,” असं उत्तर मिळालं. रस्ते वाईट आहेत हे खरंच. पण त्याआधीचे, कंपनीतून आलेले बुश याच रस्त्यांवर कितीतरी वर्षं चालले होते. हे काही पटेना. म्हणून म्हसरूळच्या मामांना फोन केला. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. “रविवारी येतो, तोवर काही उघडू नकोस,” एवढंच म्हणाले.

रविवारी आल्यावर मामांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी सपाट जागेवर गाडी उभी केली आणि चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून दोन्ही बाजूंचे आकडे खडूने दारावर लिहिले. डावी बाजू १८ मिलिमीटर खाली होती. मग जॅक चॅसीखाली न लावता खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) अगदी जवळ लावला. मी विचारलं, असं का? म्हणाले, “या गाडीत टॉर्शन बारचा जोर खालच्या आर्मवर येतो. चॅसी उचललीस तर चाक लोंबकळतं, पण बार आर्मला खाली दाबतच राहतो. बॉल जॉइंट त्या दाबाखाली घट्ट दिसतो. आर्म उचललास की तो मोकळा होतो आणि मग खरं काय ते कळतं.”

टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून वर उचलली तर बॉल जॉइंट डोळ्यांना दिसेल इतका वर-खाली होत होता. मग चाक वर आणि खाली धरून हलवलं, तेव्हाही प्ले, म्हणजे ढिलेपणा. मामांनी मला ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला असता तर दोष व्हील बेअरिंगचा असता. तो तसाच राहिला, म्हणजे बॉल जॉइंटच. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचे सांधे) मात्र ठीक निघाले, तेवढा खर्च वाचला.

चाक काढलं. ब्रेकचं कॅलिपर सोडून तारेने वर बांधलं, होजवर लोंबकळू दिलं नाही. बॉल जॉइंटचा रबरी बूट एका बाजूने फाटलेला होता. आत ग्रीस उरलंच नव्हतं. होता तो गंजाचा आणि मातीचा तांबूस चिखल. बोटांत चोळला तर वाळूसारखा लागला. वर्षभर तोच आतली पिन घासत होता.

आर्म काढायचा तर आधी टॉर्शन बारचा ताण सोडायला हवा. अ‍ॅडजस्टर बोल्टला किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवलं, वायर ब्रशने साफ केलं, तेल सोडलं आणि हळूहळू ढिला केला. बार मोकळे झाल्यावर प्रत्येकावर डावा-उजवा अशी खूण केली. ते एका दिशेने पीळ घ्यायला बनवलेले असतात, अदलाबदल करून चालत नाही.

नकलमधून (चाक ज्यावर बसतं तो भाग) बॉल जॉइंटची पिन सुटायला मात्र तासभर गेला. मी नटावर हातोडा मारायला निघालो तर मामांनी हात धरला. नट दोन-तीन आटे ढिला करून तिथेच ठेवायचा आणि ठोका मारायचा तो नकलच्या भोकाच्या बाजूला, पिनेवर नाही. एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने मारला. दहाव्या-बाराव्या ठोक्याला ‘टक्’ झालं आणि पिन सुटली. बोळातल्या भिंतीवर तो आवाज असा उमटला की वडील पडवीतून उठून आले.

आणि मग बुश. आठ महिन्यांचे. बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट, आतली नळीही चांगली, पण मधलं रबर पूर्ण गोल फाटलेलं, आणि फाटण्याची रेघ तिरकी, पिळलेल्या फडक्यासारखी. मामांनी तो हातात फिरवून फिरवून पाहिला. “हे आवळताना गाडी जॅकवर होती ना? चाकं लोंबकळत?” मी तिथेच उभा होतो तेव्हा, मला आठवत होतं. होती.

या बुशमध्ये काहीही घसरत नाही. बाहेरची नळी आर्मला पक्की, आतली नळी बोल्टने चॅसीच्या ब्रॅकेटला पक्की. आर्म वर-खाली होतो तो फक्त मधल्या रबराला पीळ देऊन. चाक लोंबकळत असताना बोल्ट करकचून आवळला, की रबराची ‘सरळ’ स्थिती तीच ठरते. मग गाडी चाकांवर उतरवली की रबर कायमचंच पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. वर माल भरला आणि खड्डा आला की पीळ आणखी वाढतो. रबर फाटलं, आर्म जागेवरून सरकला, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बिघडला आणि टायर आतून खाल्ला गेला. त्या आठ महिन्यांच्या टायरचं कोडं एका बोल्टमध्ये होतं. मला मनापासून राग आला. माल वाईट नव्हता, मेहनतही झाली होती, फक्त शेवटची दहा मिनिटं चुकीच्या वेळी वापरली गेली.

सामान द्वारकेजवळच्या दुकानातून आणलं. दोन्ही बाजूंचे खालचे बॉल जॉइंट, सगळे बुश, नवीन स्प्लिट पिन. शॉकअपही गळत होते म्हणून जोडीने घेतले. जुने बुश गॅस मारून जाळून काढतात काही ठिकाणी. त्या धुराने जीव घुसमटतो आणि आर्मचं लोखंडही तापतं. आम्ही आर्म अंबडच्या लेथवाल्याकडे नेले. त्याने प्रेसवर अर्ध्या तासात जुने काढून नवे बसवले. बसवताना साबणाचं पाणी लावलं, इंजिन ऑइल नाही, कारण ऑइलने रबर फुगतं.

जोडताना बुशचे बोल्ट हाताने फिरतील तेवढेच ठेवले. बॉल जॉइंटचे नट मात्र टॉर्क पान्याने पूर्ण आवळले. स्प्लिट पिनेचं भोक जुळत नव्हतं तेव्हा मी नट जरा मागे फिरवायला गेलो. मामा म्हणाले, “मागे कधीच नाही. पुढच्या खाचेपर्यंत आवळ.” निपलमधून बूट जरासा फुगेपर्यंत ग्रीस भरलं.

त्यानंतरचं काम आम्ही सर्वांत सावकाश केलं. चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या जाड लाकडी फळ्यांचे रुंद थर रचले आणि हळूच गाडी त्यावर चढवली, म्हणजे चाकांवर पूर्ण वजन राहील आणि खाली झोपायला जागाही मिळेल. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, चॅसीखाली घोड्याही (आधाराचे स्टँड) ठेवल्या, काही निसटलंच तर म्हणून. बंपर धरून गाडी पाच-सहा वेळा दाबली. टॉर्शन बारचे बोल्ट फिरवून दोन्ही बाजूंची उंची उजवीच्या जुन्या आकड्याला आणली. प्रत्येक वेळी थोडं फिरवायचं, गाडी हलवायची, पुन्हा मोजायचं. वडील टेप धरून आकडे सांगत होते. दोन्हीकडे फरक ३ मिलिमीटरवर आला तेव्हा कुठे मामा म्हणाले, “आता आवळ.” मी खाली झोपून एकेक बोल्ट आवळला.

अलाइनमेंट सोमवारी सातपूरला करून घेतली. उंची ठरल्याशिवाय ती करून उपयोग नसतो, कारण उंची बदलली की कॅम्बर आणि टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलेली ते) दोन्ही बदलतात. वरच्या आर्मच्या शिममध्ये (पातळ पत्र्याच्या चकत्या) थोडा फेर करावा लागला.

मंगळवारी पहाटे ६० क्रेट भरून निघालो. दुगावच्या अलीकडच्या त्याच खड्ड्यात गाडी घातली, मुद्दाम. क्रेट खडखडले, खालून आवाज आला नाही. आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा तपासले, एकही ढिला नव्हता. आता दर पंधरवड्याला गाडी धुताना बॅटरी घेऊन चारही बूट पाहतो, आणि दारावरचे खडूचे आकडे वडिलांनी ऑइल पेंटने पक्के करून घेतलेत.