मोजे ओले करणारी बालवाडी

बर्लिनमध्ये २०१८ पासून बालवाडीची फी माफ आहे, जेवणाचे थोडे पैसे तेवढे भरायचे. हे खानापूरच्या वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "फुकट हाय म्हणजे शिकवत नसतील." खरंच शिकवत नाहीत! पहिलीत जाईपर्यंत पाटी नाही, अंक गिरवणं नाही. लेक रोज ओले मोजे घालून घरी येते.

मोजे भिजतात ते पाण्याच्या टेबलापाशी. परवा थांबून बघितलं. बाईंनी पसरट वाडग्यातलं पाणी लेकीला उंच, अरुंद बाटलीत ओतायला लावलं. "आता जास्त झालं?" लेक म्हणाली, हो. थेंबभर वाढलं नव्हतं. बाई चूकही म्हणेनात, बरोबरही म्हणेनात. पाणी परत वाडग्यात ओतायला लावलं. मग पुन्हा बाटलीत. लेकीचं उत्तर तेच. अहो, सांगून टाका की एकदाचं! त्यावर बाईंचं म्हणणं, या वयात सांगून कळत नाही. प्याजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हेच दाखवलं होतं: साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलं उंचीला भुलतात. मान्य. पण रोज मोजे?

आणि आपल्याला याचं काय कौतुक? आपली धान्याची मापं बघा: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. आजीच्या भाताच्या राशीवर आम्ही पोरं हेच करत होतो, आणि शीग, म्हणजे मापावरचा ढीग, हाताने सपाट केली की पाठीत धपाटा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेही आसपास मिळेल त्याच साधनांवर. मग बेळगावात एलकेजीच्या पोराला शंभरपर्यंत अंक लिहायला कुणी लावले?

निपाणीचा भाचा साडेचार वर्षांचा. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्हीत शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो. ताई फोनवर म्हणवूनच घेते. सुट्टीत मी त्याच्यापुढे चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, सात-सात, एक जरा फाकवून. "ह्यात जास्त," म्हणत त्याने फाकवलेल्या ओळीवर बोट ठेवलं. ताईचं तोंड बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

लेकीला काही विचारलं नाही. ती परसात खेळत होती. हाक मारली असती तर आली असती म्हणा.