क्यू-इन-क्यू लॅब, तिसरा आठवडा: १४६८ जातं, १४६९ अडतं

क्यू-इन-क्यू म्हणजे फ्रेमवर (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटावर) एका टॅगच्या बाहेरून दुसरा टॅग लावणं. व्हीलॅन म्हणजे एकाच तारेवरून वेगळं राहणारं आभासी नेटवर्क, आणि टॅग म्हणजे त्याचा क्रमांक सांगणारी खूण. आधी मांडणी. दोन सिस्को कॅटॅलिस्ट ३५६० नेटवर्क स्विच, १०/१०० पोर्टवाले, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेले. मध्ये ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारी जोडणी), दोन्ही टोकांना एकेक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. पायवर व्हीलॅन १० आणि २०, ट्रंकवर त्यांच्या बाहेरून १०० चा टॅग. पाय जिथे लागतो त्या पोर्टवर ‘स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १००’ आणि ‘स्विचपोर्ट मोड डॉट१क्यू-टनेल’, बस.

शनिवारी रात्री पलीकडच्या पायकडून पिंगला (पोचतंय का हे तपासणाऱ्या छोट्या संदेशाला) पहिलं उत्तर आलं. स्विचांवर १० आणि २० हे व्हीलॅन मी तयारच केलेले नाहीत, तरी दोन्ही आपापले वेगळे राहून पलीकडे पोचतात. पुस्तकात कितीदा वाचलं होतं, पण स्वतःच्या टेबलावर ते होताना बघून जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

मग एक मोठी फाइल डब्ल्यूगेट या डाउनलोडच्या प्रोग्रामने ओढायला घेतली. कनेक्शन लागलं, ‘२०० ओके’ आलं, फाइलचा आकार दिसला, आणि ० टक्क्यांवर जे थांबलं ते थांबलंच. पिंग मात्र शेजारच्या खिडकीत मजेत चालू. तासभर मी फायरवॉलमध्ये शोधत बसलो, आणि तिथे काहीच नव्हतं.

शेवटी पिंगचाच आकार वाढवत नेला, तुकडे करायचे नाहीत असं बजावून. १४६८ गेलं. १४६९ गेलं नाही. हा आकडा दिसला आणि उलगडा झाला. १४६८ मध्ये आयसीएमपीच्या (पिंगच्या प्रोटोकॉलच्या) हेडरचे ८ आणि आयपीच्या हेडरचे २० मिळवले की १४९६, म्हणजे इथरनेटच्या नेहमीच्या १५०० च्या मर्यादेला नेमके ४ बाइट कमी. एका टॅगची लांबी तेवढीच! साधी फ्रेम जास्तीत जास्त १५१८ बाइटची, एक टॅग लागला की १५२२, दोन लागले की १५२६. माझे स्विच १५२२ च्या पुढचं गुपचूप टाकून देत होते. राउटर असता तर ‘पॅकेट मोठं आहे’ असा निरोप तरी परत आला असता. लेयर २ वर, म्हणजे स्विच जिथे काम करतात त्या थरावर, तसं कोणी कळवत नाही. म्हणून छोटं सगळं पोचतं आणि मोठं सगळं लटकतं.

दोन्ही स्विचांवर ‘सिस्टिम एमटीयू १५०४’ दिलं (एमटीयू म्हणजे एका फ्रेममध्ये मावणाऱ्या मजकुराची कमाल लांबी). रीलोड केल्याशिवाय ते लागू होत नाही, हे ध्यानात ठेवा. रीलोडनंतर १४७२ चं पिंग गेलं, फाइलही उतरली. माझं मत आता पक्कं झालंय: दुहेरी टॅगिंगची चाचणी साध्या पिंगने करूच नये, पहिलं पिंगच १४७२ चं मारावं.

रविवारी एका स्विचच्या ट्रंक पोर्टला लिनक्सचा मिनी पीसी लावला, दोन्ही टॅग तिथेच उतरवायला. बाहेरचा इंटरफेस ८०२.१एडी (दुहेरी टॅगिंगचं प्रमाण) प्रकारचा केला (कर्नल ३.१० पासून ही सोय आहे), त्यावर आतला १० चा. चिडीचूप. टीसीपीडंप (येणाऱ्या फ्रेमा दाखवणारा प्रोग्राम) ‘-ई’ लावून मूळ पोर्टवर बघितलं तर फ्रेमा येत होत्या, पण बाहेरच्या टॅगचा इथरटाइप (टॅगचा प्रकार सांगणारा आकडा) हेक्समध्ये ८१०० होता. ८०२.१एडी प्रमाणात बाहेरच्या टॅगला ८८ए८ असतो; हे स्विच मात्र आत-बाहेर दोन्हीकडे ८१०० च लावतात. बाहेरचा इंटरफेसही ८०२.१क्यू (साध्या टॅगचं प्रमाण) केला, मूळ पोर्टचा एमटीयू १५०४ केला, लगेच चालू झालं. टीसीपीडंपमध्ये गाळणी लावताना ‘व्हीलॅन १०० अँड व्हीलॅन १०’ हाच क्रम ठेवा. नुसतं ‘व्हीलॅन १०’ लिहिलं तर तो बाहेरच्या टॅगशी ताडून बघतो आणि काहीच दिसत नाही.

नेटिव्ह व्हीलॅनची, म्हणजे ट्रंकवर टॅगशिवाय जाणाऱ्या व्हीलॅनची, काळजी मी आधीच घेतली होती. ट्रंकचा नेटिव्ह चुकून १०० असता तर बाहेरचा टॅग लागलाच नसता, आणि पलीकडच्या स्विचने आतला १० हा स्वतःचाच समजून घेतला असता. दोन ग्राहकांचं ट्रॅफिक एकमेकांत मिसळायची ही सरळ वाट आहे. म्हणून नेटिव्ह ९९९, जो कुठेच वापरत नाही, आणि वर ‘व्हीलॅन डॉट१क्यू टॅग नेटिव्ह’.

स्पॅनिंग ट्रीचे बीपीडीयू (नेटवर्कमध्ये चक्रं होऊ नयेत म्हणून स्विच एकमेकांना पाठवतात ते संदेश) अजून टनेलमधून पलीकडे जात नाहीत. पुढच्या शनिवारी टोकांना पायऐवजी छोटे स्विच लावून ‘एल२प्रोटोकॉल-टनेल एसटीपी’ चालवून बघणार आहे.