सुमोचा बँड दिसेपर्यंत

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातला अख्खा पावसाळा मी एका बँडची, म्हणजे प्रयोगाच्या पटलावर प्रथिनाची जी रेघ उमटते तिची, वाट पाहत काढला. लॅब पुण्यातली, प्रथिन ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर. कोविडच्या काळात डेक्सामेथासोन हे औषध घरोघरी माहीत झालं. ते पेशीत शिरलं की याच रिसेप्टरला चिकटतं. मग रिसेप्टर केंद्रकात जातो, डीएनएवरच्या ठरावीक जागा पकडतो आणि तिथली जनुकं वाचली जाण्याचा वेग बदलतो. मला बघायचं होतं ते या रिसेप्टरवर बसणारं सुमो.

सुमो म्हणजे जेमतेम शंभर अमिनो आम्लांचं प्रथिन. १९९६-९७ मध्ये ते रॅनगॅप१ या दुसऱ्या प्रथिनाला जोडलेलं सापडलं. घडणीने ते युबिक्विटिनचं, म्हणजे इतर प्रथिनांना असंच जोडलं जाणाऱ्या एका छोट्या प्रथिनाचं, भावंड. पण युबिक्विटिन बसलेलं प्रथिन बऱ्याचदा मोडीत निघतं, सुमो बसलेल्याची मात्र बहुधा फक्त संगत बदलते. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरवर, म्हणजे या रिसेप्टरसारख्या जनुकांचं वाचन ठरवणाऱ्या प्रथिनावर, ते बसलं तर बहुतेकदा जनुकाचं वाचन मंदावतं, कारण सुमो ओळखणारी दमनकारी प्रथिनं तिथे गोळा होतात. त्यांच्यासोबत डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरचे अ‍ॅसिटिल गट काढणारी एन्झाइम्सही येतात आणि डीएनए आवळला जातो. सुमो चढवण्याचं काम यूबीसी९ या एकाच एन्झाइमच्या हातून होतं. उतरवायला माणसाच्या पेशीत सेन्प कुटुंबातले सहा प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम्स, असतात.

हे सगळं मला पाठ होतं. तरी पहिल्या सहा ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधायच्या पटलांवर, काहीही दिसलं नाही. रिसेप्टरचा बँड ९५ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास ठसठशीत यायचा. सुमो जोडलं की बँड पंधरा-वीस किलोडाल्टन वर सरकायला हवा, पण तिथे कोरी जागा. मी अँटीबॉडी बदलली, एक्सपोजर वाढवलं, पेशींत सुमो आणि यूबीसी९ची जनुकं असलेले प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे गोल तुकडेही घातले. एका ब्लॉटला तीन दिवस जातात: पेशी वाढवा, त्यांत प्लाझ्मिड घाला (ट्रान्सफेक्शन), जेल चालवा, रात्रभर अँटीबॉडीत ठेवा. रात्री अकराला डार्करूममधून बाहेर येताना वाटायचं की या रिसेप्टरवर सुमो बसतं हे दुसऱ्यांना दिसलं, मला कधीच दिसणार नाही.

पेशी फोडायच्या द्रावणात, म्हणजे लायसिस बफरमध्ये, मी एनईएम हे रसायन घालत होते. सेन्पच्या क्रियाकेंद्रात सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं, त्याच्या सल्फरला एनईएम कायमचं जोडलं जातं आणि प्रोटिएज ठप्प होतो. ते घातलं नाही तर पेशी फुटताक्षणी सेन्प मोकळे सुटतात आणि सुमो क्षणात उतरवून टाकतात. मग माझं सुमो कुठे जात होतं?

एका सीनिअर ताईने माझी वही मागून घेतली. बफरच्या पानावर बोट ठेवून तिने विचारलं, "यात डीटीटी का आहे गं?"

लॅबच्या जुन्या रेसिपीत ते होतं, म्हणून मीही घातलं होतं. डीटीटी या रसायनात मोकळे थायॉल, म्हणजे सल्फर असलेले, गट असतात. एनईएम सेन्पपर्यंत पोहोचण्याआधीच त्यांच्याशी जोडलं जाऊन संपत होतं. शिवाय मी एनईएमचं द्रावण पाण्यात करून आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवत होते, आणि पाण्यात ते हळूहळू निकामी होतं. त्या रात्री मला रडू आलं, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवं बफर केलं: डीटीटी नाही, एनईएम त्याच सकाळी इथेनॉलमध्ये विरघळवलेलं, २० मिलिमोलर. पेशी फुटल्याबरोबर सॅम्पल एसडीएस या प्रथिनं उलगडणाऱ्या डिटर्जंटमध्ये उकळलं. तिसऱ्या दिवशी मुख्य बँडच्या वर एक फिकट रेघ आली, तिच्याही वर आणखी एक, त्याहून फिकट. रिसेप्टरच्या पुढच्या भागातल्या २७७ आणि २९३ क्रमांकांच्या दोन्ही लायसिनच्या, म्हणजे सुमो जिथे बसतं त्या अमिनो आम्लांच्या, जागी आर्जिनिन हे दुसरं अमिनो आम्ल घातलं, तेव्हा त्या रेघा गेल्या.

त्या रेघा इतक्या फिकट का, ही बोच मात्र राहिली. एवढ्याशा रिसेप्टरवर सुमो बसून जनुकाला काय फरक पडणार? या क्षेत्रातलं हे जुनंच कोडं आहे. कुठल्याही क्षणी पाहिलं तर बहुतेक प्रथिनांचा पाच टक्क्यांहून कमी हिस्सा सुमो बाळगून असतो, पण ती जागा काढली की परिणाम जणू सगळ्यांवरच सुमो होतं असा दिसतो. मला पटणारं स्पष्टीकरण असं, की दमनाची मांडणी बसवायला सुमो लागतं. ती एकदा बसली की सुमो उतरलं तरी मांडणी टिकते. पाहावं तेव्हा थोडेच सापडतात, पण आळीपाळीने पुष्कळांवर ते बसून गेलेलं असतं.

शेवटी ल्युसिफरेजचा प्रयोग केला; यात जनुक जितकं वाचलं जातं तितका प्रकाश पडतो. रिसेप्टर बसायची एकच जागा असलेल्या प्लाझ्मिडवर साधा आणि बदललेला रिसेप्टर सारखेच चालले. जागा एकापेक्षा जास्त असलेल्या प्लाझ्मिडवर मात्र बदललेल्या रिसेप्टरचा प्रकाश कितीतरी पटींनी वाढला. इनिग्वेझ-लुही आणि पिअर्स यांनी २००० सालीच हे दाखवलं होतं. रिसेप्टर एकत्र येऊन जोर करतात तेव्हाच हा लगाम लागतो. ते आकडे ल्युमिनोमीटरवर एकेक करून येत होते आणि मी उभ्या उभ्याच वहीत उतरवत होते.

आमच्या फ्रीजमधल्या त्या बफरच्या बाटलीवर आता माझ्या अक्षरात लिहिलंय: डीटीटी घालू नये, एनईएम आजचंच.