दोरीवरची जागा

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आज बायका यायच्या होत्या, म्हणून माईंनी, माझ्या सासूबाईंनी, गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेले माझे पाळीचे कापडी पॅड काढले आणि अर्धवट ओले तसेच न्हाणीघराच्या दारामागच्या खुंटीवर नेऊन टांगले. चादर राहिली, चिऊचा गणवेश राहिला, यांचे बनियन राहिले. माझे तेवढे गेले. "लोक यायचे आहेत गं," एवढेच त्या म्हणाल्या, तेही आवाज न चढवता. मी कैरीच्या डाळीवर फोडणी घालत होते. पुढे पन्हे झाले, ओट्या भरून झाल्या, आराशीचे कौतुक झाले आणि मी सगळ्यांशी हसून बोलले; पण घशाशी जे अडकले ते अजून तिथेच आहे. एवढ्याशा गोष्टीने इतके का लागावे, हे मला कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माई विटाळ पाळत नाहीत. पाळी चालू असताना देवघरात जाऊ नकोस किंवा लोणच्याला हात लावू नकोस, असे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधीही म्हटलेले नाही. शिवाशिव पाळणाऱ्या कोणी असे केले असते तर मी मनातल्या मनात दोन वाक्ये बोलून मोकळी झाले असते. माझ्या शरीरावर ज्यांनी कधी बंधन घातले नाही, त्यांना माझे धुतलेले, स्वच्छ कापड मात्र चारचौघींत चालू नये, हे मला पचत नाही.

मी हे पॅड हौस म्हणून आणलेले नाहीत. मे महिन्याच्या उकाड्यात बाजारच्या पॅडने जांघा सोलवटून निघत. डॉक्टरांनी मलम दिले, ते लावले की आठवडाभर बरे वाटे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दुसरे कारण कचऱ्याच्या गाडीचे. आपले इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले येऊ लागले, त्याचा मला मनापासून अभिमान आहे, आणि गाडीवर ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक कचरा असे वेगवेगळे कप्पे असतात, हेही सगळ्यांना पाठ आहे. पण एका सकाळी आमच्या गल्लीतल्या कोणीतरी सुक्या कचऱ्यातच वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके टाकले होते. गाडीबरोबरच्या बाईने ते हाताला लागताच ओळखले, कागद जरासा उघडून खात्री केली आणि काही न बोलता ते सॅनिटरीच्या डब्यात सरकवले. तिच्या हातमोज्याचे एक बोट फाटलेले होते. ते पुडके माझे नव्हते, पण घरी येऊन मी कपाटातल्या पाकिटाकडे बराच वेळ पाहत राहिले. वरखाली प्लास्टिक आणि मध्ये रक्त शोषून फुगणारी भुकटी. ते कुजत नाही, कोणाला तरी ते हाताळून पुढे जाळायला पाठवावेच लागते.

तेव्हापासून घरी कापडी पॅड आणि ऑफिसच्या दिवशी पाळीचा कप, म्हणजे आत बसवून रक्त साठवणारी, पुन्हा पुन्हा वापरता येणारी छोटी वाटी, असे मी ठरवून घेतले. कपाने सुरुवातीला फार रडवले. घडी घालून आत सरकवायचा, तो उमलला की नाही हे बोटाने चाचपून पाहायचे, काढताना देठ न ओढता बूड चिमटून आधी हवा शिरू द्यायची, हे सगळे वाचताना सोपे वाटते. हाताला ते यायला काही महिने गेले. त्या काळात 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या, कपावरच्या एका आढाव्याबद्दल वाचले. त्यात ४३ अभ्यास आणि सुमारे ३,३०० स्त्रिया व मुली होत्या. सवय व्हायला अनेकींना काही पाळ्या जाव्या लागल्या आणि ज्या अभ्यासांत विचारले गेले तिथे ७० टक्क्यांहून अधिक जणी कप पुढे चालू ठेवायला तयार होत्या. एवढ्या अनोळखी बायकांचे शिकणे माझ्यासारखेच सावकाश झाले, याचा मला फार आधार वाटला. केरळमधल्या आलप्पुळा नगरपालिकेने तर २०१८ च्या पुरानंतर, छावण्यांमध्ये वापरलेल्या पॅडचे करायचे काय हा प्रश्न उभा राहिल्यावर, पुढच्या वर्षी ५,००० कप फुकट वाटले होते. माझ्या ओळखीतल्या नंदाचे मात्र वेगळे आहे. तिला कॉपर-टी आहे आणि कप काढताना ती सरकू शकते, म्हणून तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये असे मीच तिला सांगितले.

कप उकळून डबीत ठेवला की कोणाच्या नजरेला पडत नाही. माई त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत, त्याचे कारण आता लक्षात येते. कापडाचे तसे नसते, कारण कापडाला पाणी लागते आणि ऊन लागते. वापरलेला पॅड आधी थंड पाण्यात भिजवावा लागतो. गरम पाणी लागले की रक्त धाग्यातच गोठते आणि डाग कायमचा बसतो. पाणी गुलाबी येईनासे होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा पिळायचा, मग साबण लावायचा. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढून आपल्याकडे येते आणि आमच्याकडे ते एक दिवसाआड येते, त्यामुळे पाळीच्या दिवसांत बादलीचा हिशेब मनात सतत चालू असतो. हे सगळे मी तक्रार न करता करते. पण त्यानंतर ऊन हवेच. पॅडच्या खालच्या बाजूला पाणी न झिरपणारे अस्तर असते, त्यामुळे वरून हात लावला तर तो कोरडा लागतो आणि शिवणीपाशी, जिथे थर एकावर एक येतात, तिथे दमट राहतो. तसाच ठेवला तर वास येतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि पुन्हा खाज सुरू होते. आज रात्री खुंटीवरून काढला तेव्हा तो शिवणीपाशी तसाच गार लागला. चैत्रातले इतके कडक ऊन बाहेर असताना तो दारामागे अंधारात होता, या एका गोष्टीवर माझे मन पुन्हा पुन्हा जात राहते. ज्या घरात मी इतकी वर्षे सगळ्यांचे कपडे वाळत घातले, तिथे माझ्या वीतभर कापडाला दोरीवर जागा नसावी?

भांडी आवरताना मी माईंना हेच विचारले. त्यांनी हातातले पातेले खाली ठेवले. नंदलालपुऱ्याच्या वाड्यात जुन्या लुगड्यांच्या घड्या कशा सरपणाच्या खोलीत, गोणपाटाखाली वाळत घालाव्या लागत, पावसाळ्यात त्या वाळतच नसत आणि तशाच ओल्या घ्याव्या लागत, हे मी याआधीही ऐकले होते. आज त्या पुढे म्हणाल्या, "मेडिकलमधून पहिलं पाकीट आणलं ना, तेव्हा वाटलं, सुटलो. आता ते परत दोरीवर बघितलं की माझ्याच अंगावर काटा येतो. तुझ्या कापडाची घाण नाही वाटत गं मला."

त्यावर मला काही बोलता आले नाही. मला त्यांचा अंगावरचा काटा नाहीसा करता येणार नाही आणि त्यासाठी त्यांच्याशी वाद घालण्याची इच्छाही आता उरलेली नाही. ज्या घरात बादलीभर पाणी मिळत नाही किंवा ऊन येत नाही, तिथल्या बाईने बाजारचाच पॅड वापरावा, असे मी आजवर प्रत्येकीला सांगत आले. पाणी आणि ऊन असूनही ते नजरेत खुपू शकते, हा विचार मी केला नव्हता. दुपारपासून जे स्वतःबद्दल वाईट वाटत होते, ते निम्म्याने तरी उतरले. उरलेले उतरले नाही, कारण दमट कापड अंगाला लागण्याचा त्रास त्यांना जितका ठाऊक आहे तितकाच मलाही आहे, आणि तरीही ते ऊन टाळून आत नेले गेले.

शेवटी आम्ही एवढे ठरवले की घरात कार्य असेल त्या दिवशी पॅड मी गच्चीवर वाळत घालीन, एरवी ते गॅलरीतच राहतील आणि दोरीवरून ते मीच काढीन. माईंनी मान डोलावली. मग त्यांनीच चिऊचा विषय काढला, कारण तिचे आता केव्हाही सुरू होईल. तिला असले शिवलेले पॅड नकोत, जुन्या धोतराच्या घड्या कराव्यात, उलगडून टाकल्या की तासाभरात खडखडीत वाळतात, असे त्यांचे म्हणणे. वाळण्याबाबत त्यांचे बरोबरच आहे, आणि ते मी लगेच मान्य केले. पण शाळेत इतका वेळ बसायचे तर खाली अस्तर हवे, नाही तर ती दर तासाला मागे वळून स्कर्ट पाहत राहील, हे माझे म्हणणे मी सोडलेले नाही. आणि तिचे कापड गॅलरीत उन्हात वाळेल, कोणी आले तरी, असा शब्द मी माईंकडून मागितला आहे. त्यांनी तो अजून दिलेला नाही. उद्या सकाळी मी पुन्हा विचारणार आहे.